कॅमेऱ्याआधी एक नोंदवही घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या महिन्यात छायाचित्रणातून स्वयंरोजगार या विषयावर एक लेख आला होता. कॅमेरा कोणता घ्यावा, लेन्स कोणती, ड्रोन कधी परवडतो, इन्स्टाग्रामवर पान कसं चालवावं, ही माहिती त्यात चांगली दिली होती. तो वाचून आमच्या गल्लीतली दोन मुलं कर्जाची चौकशी करायला निघाली आणि बँकेत जाण्याआधी माझ्याकडे आली. दुकान चालवण्याविषयी लेखात एक ओळही नव्हती, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते आहे. पत्र लांबेल, पण शक्य झाल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचा लहानसा स्टुडिओ आहे. मामंजींनी तो सुरू केला तेव्हा 120 च्या रोलवर बारा फोटो निघत आणि मागच्या खोलीत लाल दिव्याखाली ते धुतले जात. मी लग्न होऊन सोलापूरहून बडोद्याला आले. दुकानात बसायची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा मामंजींनी कॅमेरा दिला नाही, हातात एक लांबोडकी नोंदवही दिली. तारीख, पूर्ण नाव, पत्ता, निगेटिव्हचा नंबर, कोणत्या साइजच्या किती प्रती, जमा, बाकी, आणि शेवटी 'शेरा' असा एक रुंद रकाना. त्या रकान्यात मामंजींच्या बारीक अक्षरातल्या नोंदी असत. 'डावा डोळा किंचित बारीक, उजवीकडून घ्यावा.' 'आजींना जिना नको, खाली खुर्ची मांडावी.' 'धाकटा शिट्टी वाजवली की हसतो.' एका ठिकाणी लिहिलं होतं, 'बाकी मागू नये, यजमानांची नोकरी गेली आहे.' सुरुवातीची काही वर्षं मी फक्त ही वही लिहीत होते, आणि आज मला जे काही येतं त्यातलं निम्मं तिथेच शिकले.

म्हणून त्या मुलांना म्हटलं, कॅमेरा हप्त्यावर केव्हाही मिळेल, नोंद मात्र पहिल्या गिऱ्हाइकापासून ठेवा. वहीत ठेवा, मोबाइलमध्ये ठेवा, कशातही ठेवा. भांडणं होतात ती फोटो वाईट आला म्हणून क्वचितच होतात. 'तुम्ही सीमांतपूजनाला येणार होतात', 'अल्बम चाळीस पानांचा ठरला होता', 'व्हिडिओचं मिक्सिंग यातच धरलं होतं', अशी ती असतात. लग्नघरात बोलणी एकाशी होतात, पैसे दुसरा देतो आणि तक्रार तिसरा करतो. किती वाजता यायचं, किती वाजता निघायचं, कोणकोणते विधी, करिझ्मा अल्बमची, म्हणजे जाड पानांवर फोटो थेट छापलेल्या अल्बमची, पानं किती, फोटो निवडून कोण देणार आणि किती दिवसांत, हे सगळं कागदावर आणून दोघांच्या सह्या घ्याव्यात. निवडीचं तर हटकून लिहावं. आमच्याकडे असे अल्बम पडून राहिले आहेत की ज्या जोडप्याचे फोटो निवडायचे होते त्यांच्या बाळाचं बारसं होऊन गेलं. तोपर्यंत शेवटचा हप्ता अडकलेला, आणि प्रिंटरचे पैसे मात्र आपण केव्हाच चुकते केलेले. आपल्या माणसांच्या जेवणाचंही त्याच कागदावर लिहावं. दिवे धरणारा पोरगा सकाळी सहापासून उभा असतो, त्याला शेवटच्या पंगतीतही कोणी बोलावत नाही. त्याची मजुरी त्याच दिवशी संध्याकाळी हातात पडली पाहिजे, मग आपले पैसे आलेले असोत वा नसोत.

भावाविषयी मला कळकळीने सांगायचं आहे. नवीन मुलं काम मिळावं म्हणून पडेल त्या भावात लग्नं घेतात. मी त्यांना हिशेब मांडून दाखवते. कॅमेऱ्याचं शटर लाख-दोन लाख क्लिकचं धरलेलं असतं आणि दोन दिवसांच्या लग्नात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात, म्हणजे प्रत्येक लग्नात कॅमेरा थोडा थोडा खर्ची पडतो. त्यात मदतनीस, पेट्रोल, अल्बमची छपाई, रात्री बसून फोटो निवडायचे आणि दुरुस्त करायचे दिवस, हार्ड डिस्क आणि दुकानाचं भाडं. हे सगळं वजा केलं की पडेल भावात काम करणारा स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाचं लग्न लावून देत असतो. असा मुलगा एखाददोन मोसम टिकतो आणि मग कॅमेरा विकतो. ज्यांची लग्नं त्याने टिपली त्यांचे फोटो त्याच्याबरोबर नाहीसे होतात. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

आणि पैसा बारा महिने येत नाही. तुळशीचं लग्न झालं की आपली लग्नं सुरू होतात. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमुरता, म्हणजे शुभकार्याला वर्ज्य काळ, म्हणून गुजराती लग्नं बंद. मग पुन्हा दोन्हीकडची लग्नसराई, आणि आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात बहुतेक सामसूम. मामंजी लग्नसराईत आलेली रक्कम घरखर्चासाठी बारा महिन्यांवर वाटून पाकिटांत घालत. तेव्हा ते मला फार काटकसरीचं वाटायचं. नोटबंदी 8 नोव्हेंबर 2016 ला झाली, अगदी लग्नं तोंडावर असताना. 2020 मध्ये मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि उन्हाळ्याचा पूर्ण मोसम गेला. आगाऊ घेतलेल्या रकमा आम्ही ज्यांना हव्या त्यांना परत केल्या, बाकीच्यांच्या पुढच्या तारखेला लावल्या. त्या पाकिटांच्या सवयीमुळेच ते जमलं. परत केलेल्यांपैकी बरेच जण नंतर आमच्याकडेच आले, हेही नमूद करते.

मोबाइल आल्यावर स्टुडिओचं काय, असं सगळे विचारतात. बडोद्यात हा धंदा कधीच सोपा नव्हता. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, 1890 च्या सुमारास इथल्या कलाभवनात आले आणि इथेच छायाचित्रण शिकले. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला, तिथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं. मग बडोद्यात फोटोचा धंदा सुरू केला, तर फोटो काढल्याने आयुष्य कमी होतं अशी समजूत पसरली होती आणि गिऱ्हाईक फिरकेना. त्यांना नाटक मंडळींचे पडदे रंगवण्याकडे वळावं लागलं. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी लोकांसमोर आला, तो यानंतर. माणसं तेव्हा कॅमेऱ्याला भीत होती, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि दोन्ही काळांत दुकानदाराने स्वतःला विचारायचं एकच, की या माणसाला स्वतःचं स्वतः करता येणार नाही असं आपण काय देतो.

आमच्या दुकानाचं भाडं आजही बरंचसं लहान फोटोंवर निघतं. बडोद्यातून अमेरिकेला, कॅनडाला जाणारे पुष्कळ. अमेरिकेच्या व्हिसाला दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, आणि नोव्हेंबर 2016 पासून चष्मा चालत नाही. ज्या आजीने पन्नास वर्षं चष्मा उतरवलेला नाही, तिच्या नाकावरचे वळ आधी जरा निवू द्यावे लागतात. तिला पाणी द्यायचं, नातवाची चौकशी करायची, डोळे स्थिर झाले की मग फोटो घ्यायचा. तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो काढायचा तर पांढऱ्या चादरीवर निजवून वरून घेतात. घरी मोबाइलवर काढून नाकारलेला फोटो हातात घेऊन लोक आमच्याकडे येतात.

लग्नातही तेच. आता अंतरपाटाच्या वेळी समोर तीस मोबाइल उभे असतात. अंतरपाट खाली येतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. मामंजींनी मला सांगितलं होतं, डोळ्यांच्या आधी कान लाव. भटजींनी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' सुरू केलं की जागा घ्यायची, श्वास रोखायचा आणि 'सावधान'ला बोट तयार ठेवायचं. गुजराती लग्नात गोरमहाराज 'समय वर्ते सावधान' म्हणतात, हस्तमेळाप, म्हणजे वधूवरांचे हात एकमेकांच्या हाती देण्याचा विधी, जवळ आल्याची ती खूण. नवख्यांचं लक्ष कॅमेऱ्याच्या पडद्यावर असतं आणि मुहूर्त निघून जातो. विधी पाठ असले पाहिजेत. बडोद्यात काम करायचं तर दोन्हीकडचे.

मी स्वतः फोटो काढू लागले तेव्हा दुकानात येणारे 'फोटोग्राफर कधी येतील?' असं मलाच विचारत. मी कॅमेरा उचलला की समजायचं. तेव्हा मला फार आधार वाटायचा तो होमाई व्यारावाला यांचा. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, आणि त्या आमच्याच शहरात राहत होत्या. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या यजमानांच्या नावाने छापून येत. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पुढच्याच जानेवारीत त्या गेल्या. आम्ही कधी भेटलो नाही. पण त्या इथे आहेत, एवढ्यानेच मला मान ताठ ठेवता यायची.

बाईच्या हाती कॅमेरा आहे म्हटल्यावर हळूहळू मुली येऊ लागल्या, स्थळांना पाठवायचे फोटो काढायला. बरोबर आई असे, आणि आई हळूच म्हणे, 'जरा उजळ करा हं.' मामंजी निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने रीटचिंग करत, त्यांचा नियम पक्का होता. पुटकुळी काढायची, कारण ती आठ दिवसांत जाणारच आहे. तीळ ठेवायचा, तो तिचा आहे. मी रंगालाही तोच नियम लावला. दिवा नीट लावते, सावळ्या चेहऱ्याला बाजूने मऊ उजेड द्यावा लागतो तो देते, साडीचा रंग चेहऱ्याला शोभेल तो सुचवते. गोरा करून देत नाही. 'मुलगी प्रत्यक्षात पाहतीलच ना काकू, मग तिने त्यांच्यासमोर काय म्हणून बसायचं?' असं मी सांगते. काही आया रागावून दुसरीकडे गेल्या. पण खुर्चीवर बसलेली मुलगी ते ऐकत असते आणि तिचा चेहरा सैल होतो. तोच फोटो चांगला येतो.

याच मुलींमुळे दुसरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या कामाची जाहिरात म्हणून हल्ली नवरा-नवरीचे फोटो न विचारता इन्स्टाग्रामवर टाकतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तरी साखरपुड्याचे फोटो एका फोटोग्राफरच्या पानावर कित्येक महिने तसेच होते. ती विनवण्या करून थकली. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या अशा फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचाच असतो. हे फोटोग्राफरांनाही ठाऊक नसतं आणि गिऱ्हाइकांनाही. माझं म्हणणं, कायदा राहू द्या, मुलीला आधी विचारा. आमच्या कागदावर त्यासाठी वेगळी ओळ आणि वेगळी सही असते, आणि ती सही मुलीची असते.

काही कामं अशी की ज्यात भावाचा प्रश्न येत नाही. माणूस जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलगा किंवा जावई दुकानात येतो. तेराव्याला हार घालायला फोटो हवा असतो आणि घरात एकही धड नसतो. लग्नाच्या गर्दीत मागे उभे असलेले वडील, नाही तर आधार कार्डावरचा फोटो. त्या ग्रुपमधून चेहरा वेगळा काढायचा, शेजारच्याचा खांद्यावर आलेला हात घालवायचा, सदऱ्याची कॉलर पूर्ण करायची. या कामाला आमच्याकडे आगाऊ रक्कम घेत नाहीत, आणि ते त्याच दिवशी हातात द्यायचं असतं. हे करता करता मी गिऱ्हाइकांच्या मागे लागायला शिकले. मुलाचा पासपोर्ट फोटो काढायला वडील आले की म्हणते, बसा तुम्हीही दोन मिनिटं, पैसे नकोत. घरातली फोटो काढणारी व्यक्ती कधीच फोटोत नसते. आयांचे फोटो तर मुंजीनंतर एकदम नातवाच्या बारशात सापडतात.

आता पुराचं. ऑगस्ट 2024 मध्ये गोकुळाष्टमीच्या सुमारास विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली आणि अकोटा, मुजमहुडा, समा भागांत घरंच्या घरं पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर, अजून घरात चिखल असताना, लोक पोत्यांत अल्बम घालून आमच्याकडे आले. फ्रिज, सोफे रस्त्यावर टाकून दिले होते, अल्बम मात्र छातीशी धरून आणले होते. त्या दिवसांत आम्ही दुसरं काहीच केलं नाही. जे शिकलो ते सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

ओला अल्बम उन्हात वाळवू नका. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्याने फुगतो आणि वाळताना वरच्या प्लॅस्टिकला किंवा शेजारच्या फोटोला असा चिकटतो की सोडवताना चेहराच निघून येतो. ओला असतानाच स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवावा, पाणी बदलत राहावं, फोटो आपोआप सुटू लागतात. ओढायचं नाही. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, कडेला धरायचं. चिखल वाहत्या पाण्यातच जाऊ द्यायचा. मग चित्र वर ठेवून जुन्या मऊ धोतरावर सावलीत पसरायचे. वर्तमानपत्रावर मात्र नको, शाई लागते. फार दिवस पाण्यातही ठेवू नयेत, थर विरघळतो. एका वेळी जमण्यासारखे नसतील तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि सवडीने थोडे थोडे सोडवावेत. काचेला चिकटलेला फोटो काढायचा प्रयत्न करू नये, काचेसकट स्कॅन करून घ्यावा. जुने कृष्णधवल फोटो आश्चर्य वाटावं इतके वाचले. घरच्या इंकजेट प्रिंटरवरचे गेले. अलीकडचे जाड पानांचे करिझ्मा अल्बम फुगून ठोकळे झाले, त्यांना काही इलाज नाही.

पण ज्यांची लग्नं आम्ही टिपली होती त्यांचे अल्बम आम्ही पुन्हा छापून दिले, कारण फाइली आमच्याकडे होत्या. एक प्रत दुकानात, दुसरी घरी वरच्या मजल्यावर, तिसरी शहराबाहेर नणंदेकडे. दोन प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्यातलं कार्ड पुसायचं नाही, हा दुकानातल्या मुलांना घालून दिलेला दंडक आहे. दर काही वर्षांनी हार्ड डिस्क बदलायची, खर्च वाटला तरी. आणि ज्यांनी स्वस्तात मस्त म्हणून कोणा हौशी मुलाकडून लग्न करून घेतलं होतं, त्यांनी त्या मुलांना शोधलं. कोणी परदेशी गेलेलं, कोणी धंदा सोडलेला, कोणाची डिस्क बंद पडलेली. एक बाई माझ्यासमोर खुर्चीवर बसून रडल्या, त्यांच्या लग्नाचा एकही फोटो जगात उरला नव्हता. पैसे चुकते झाले की व्यवहार संपला असं कोणी म्हटलं तर मला त्या बाई आठवतात.

यावरून शेवटची गोष्ट, आणि खरं तर पत्र लिहायला बसले ते यासाठीही. शहरातले जुने स्टुडिओ एकामागून एक बंद होत आहेत. पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायात आहे, जागेला भाव आला आहे. दुकान रिकामं करताना निगेटिव्हची खोकी भंगारात जातात. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून घेणारेही मिळतात. त्या खोक्यांमध्ये बडोद्यातल्या हजारो कुटुंबांचे, शाळांच्या वर्गांचे, गणेशोत्सवाच्या मेळ्यांचे चेहरे आहेत. ज्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला आहे ती आधी वेगळी काढायला हवी, नाही तर शेजारच्याही खराब होतात. एकट्यादुकट्या दुकानदाराला हे झेपणारं नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 साली सुरू केलेलं मध्यवर्ती ग्रंथालय या शहरात आहे, विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा 1950 पासून आहे, आपली मराठी मंडळं आहेत. यांच्यापैकी कोणी एक कोरडी, थंड खोली दिली आणि चार विद्यार्थी नेमले तर बंद होणाऱ्या स्टुडिओंची निगेटिव्ह आणि नोंदवह्या एकत्र जपता येतील. वह्या बरोबर हव्यातच, नाही तर चेहरा आहे आणि नाव नाही अशी गत होते. आमच्या दुकानातलं सगळं मी द्यायला तयार आहे आणि ओळखीच्या व्यावसायिकांशी बोलायलाही.

तोवर वाचकांना एवढंच कळवते. ज्यांच्या घरच्यांनी दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात जुन्या काळी फोटो काढले होते, त्यांनी येऊन चौकशी करावी. पावती नसली तरी चालेल, आडनाव आणि अंदाजे साल सांगितलं की शोधता येतं. बायकांच्या बाबतीत माहेरचं आडनावही आणावं, कारण लग्नाआधीचे फोटो त्याच नावावर आहेत. दुकान सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. लग्नसराईत मात्र येऊ नये, मला वेळ देता येणार नाही. श्रावणात या.

आपली नम्र,
दांडिया बाजारातील एक छायाचित्रकार, बडोदे